एक सेंटिमीटर म्हणजे एक आठवडा

धुळ्याच्या डॉक्टरांनी नानांचं पोट तीन ठिकाणी दाबलं, फोटो उजेडाला धरून पाहिला, आणि त्यांच्या मुलाला, पितांबर सरांना, बाहेरच्या बाकावर बोलावून सांगितलं, "वय चौऱ्याहत्तर. कापाकापी नको. गोळ्या देतो. वजनावर लक्ष ठेवा. टिकलं तर गोळ्या लागू पडल्या म्हणायच्या."

"आणि उतरत राहिलं तर?"

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं आणि पुढचा नंबर पुकारला.

दुसरा कोणी असता तर एसटीत बसून रडला असता. पितांबर बाविस्कर हे अमळनेरात एकोणीस वर्षं गणित आणि विज्ञान शिकवत होते. परतीच्या गाडीत नाना खिडकीला डोकं टेकून झोपले, आणि सरांनी तिकिटाच्या मागच्या बाजूला दोन रेघा काढल्या, एक आडवी, एक उभी. आडव्या रेघेवर आठवडे, उभ्या रेघेवर किलो. एवढं केल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. माणसाला कशानं बरं वाटेल, ह्याचा काही नेम नाही.

आलेख म्हटलं की सरांच्या अंगात यायचं. उजव्या कोपऱ्यात प्रमाण लिहिलं नाही म्हणून त्यांनी आजवर किती जणांचा अर्धा गुण कापला असेल, देव जाणे. मुख्याध्यापकांच्या पुतणीचासुद्धा कापला होता. तेव्हा घरच्या आलेखात हयगय चालणार नव्हती. पण आलेखाला बिंदू लागतात, बिंदूला वजन लागतं, आणि वजनाला काटा. घोडं अडलं ते तिथं.

पहिला प्रयोग अमळनेर स्टेशनावरच्या यंत्रावर झाला. नाणं टाकलं, दिवे लुकलुकले, आणि पुठ्ठ्याचं तिकीट बाहेर आलं. वजन एकसष्ट किलो. मागच्या बाजूला भविष्य, 'आप शीघ्र ही लंबी यात्रा पर जाएँगे.' सरांनी ते तिकीट झटकन खिशात घातलं आणि दुसरं नाणं टाकलं. ह्या खेपेला एकोणचाळीस किलो, भविष्य तेच.

"हाऊ काटा शे का जुगार?" नाना गरजले.

त्यांना राग येणं साहजिक होतं. तोताराम नाना चाळीस वर्षं बाजार समितीत मापाडी होते. धान्याची, कापसाची, मिरचीची लाखभर पोती त्यांच्या हाताखालून गेली असतील. ठेल्यावरून पोतं उतरताना नुसतं बघून ते सांगायचे, "ब्याण्णव भरी," आणि काटा ब्याण्णवच दाखवायचा. शेतकऱ्याचा पसाभर दाणा व्यापाऱ्याकडे जाऊ दिला नाही, आणि व्यापाऱ्याचा शेतकऱ्याकडे. मोजणी सुरू करताना 'एक' कधी म्हणाले नाहीत. मापाड्याची रीतच ती, पहिलं माप 'लाभ', मग दोन, मग तीन. लहानपणी पितांबर म्हणायचा, "नाना, लाभ हा आकडा नाही." नाना म्हणायचे, "तुन्या शाळामा नसी."

शेवटी पारसमल शेठजी मदतीला आले. त्यांच्या आडत दुकानात नानांची निम्मी हयात गेली होती. गोदामात एक जुना फळीचा काटा पडला होता. माणूस फळीवर उभा राहतो, वर आडव्या दांडीवर ठोकळा सरकवायचा, दांडी समतोल झाली की वाचायचं. "ले जाव सर, नानांसाठी नाही म्हणणार का मी?" असं म्हणून शेठजींनी हातगाडीसुद्धा दिली.

हातगाडीवरून ते लोखंडी धूड कॉलनीत शिरलं, आणि सरांच्या अब्रूचे वांधे सुरू झाले. पितांबर सरांनी रद्दीचं दुकान टाकलं, ही बातमी काट्याच्या आधी घरी पोचली. दुसऱ्या दिवशी पहाटे मागच्या दारी कॉलनीतल्या ताईबाई तीन वर्षांचे पेपर घेऊन उभ्या. "भाव काय देताय?" सरांनी समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं, निदान मापून तरी द्या. तो रद्दीवाला लुटतो." त्यानंतर कोणी ग्यासची टाकी आणली, कोणी पापडाचं पीठ. शेजारच्या कुंदाबाईंनी स्वतःला मोजलं आणि काटा बिघडलेला आहे असं जाहीर केलं.

आठवड्याभरात वजनमापे खात्याचे निरीक्षक दारात हजर. कोणीतरी अर्ज केला होता. कोणी केला ते सरांना आजतागायत कळलं नाही, पण रद्दीवाल्यावर त्यांचा दाट संशय होता.

"काट्यावरचा शिक्का श्याऐंशीचा आहे," निरीक्षक म्हणाले. "आणि सध्या अठ्ठ्याऐंशी चालू आहे. असा काटा वापरता येत नाही."

"मी धंदा करत नाही हो. वडलांना तोलतो."

"तोलता ना? मग फॉर्म भरा."

माणूस तसा सज्जन होता. त्यानं फॉर्म स्वतःच भरून दिला. 'तोलावयाचा माल' ह्या रकान्यापाशी मात्र पेन थांबलं. सर म्हणाले, "वडील लिहा." निरीक्षकांनी छापील यादीवरून बोट फिरवलं. धान्य, कापूस, गूळ, मिरची, भुसार, इतर. बराच विचार करून त्यांनी 'इतर'पुढे खूण केली. नाना ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. "इतर," ते स्वतःशीच म्हणाले, आणि पोट धरून हसले. हसता हसता कळ आली, तेव्हा सरांच्या पत्नी सुनंदाबाईंनी त्यांना आत नेऊन निजवलं.

एवढे सोपस्कार झाल्यावर दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी नाना फळीवर उभे राहिले. सरांनी ठोकळा सरकवला. दांडी वरखाली होत होती.

"थांबू दे भो. हालती दांडी वाचानी नही."

दांडी थांबली. अठ्ठेचाळीस किलो. "लाभ!" नाना मोठ्यानं म्हणाले. सरांनी बैठकीच्या भिंतीवर आलेख कागद चिकटवला, उजव्या कोपऱ्यात लिहिलं, 'प्रमाण: क्ष-अक्षावर १ सेमी = १ आठवडा, य-अक्षावर २ सेमी = १ किलो', आणि पहिला बिंदू काढला.

मग दर रविवारी. सत्तेचाळीस सातशे. सत्तेचाळीस शंभर. सेहेचाळीस आठशे. सेहेचाळीस तीनशे. सेहेचाळीस शंभर. सहा बिंदू झाले. पट्टी लावली तर एकही बिंदू नेमका रेषेवर नव्हता, कोणी जरा वर, कोणी जरा खाली, पण रेषा कुठं चाललीय ते आंधळ्यालाही दिसलं असतं. आठवड्याला चारशे ग्रॅम, उताराच्या दिशेनं. आयुष्यभर फळ्यावर ज्याला 'ऋण चढ' म्हटलं, तो ऋण चढ सरांच्या बैठकीत येऊन बसला होता.

बैठकीत लावलेली गोष्ट कॉलनीची होते. कुंदाबाई साखर मागायला आल्या आणि कागद बघून त्यांनी किंकाळीच फोडली. "अगं बाई! रेघ तर तळाला टेकत आली!"

"टेकत नाही," सर म्हणाले. "कागद पुरेसा व्हावा म्हणून मी चाळीसपासून सुरुवात केलीय. तळाला शून्य नाही, चाळीस आहे."

"मग खालचे चाळीस किलो कुठं गेले?"

ह्याला उत्तर आहे. अक्षाला नागमोडी खूण करतात, शून्य ते चाळीसचा भाग गाळला असं दाखवतात. सरांनी ते पंधरा मिनिटं समजावलं. कुंदाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "नागलीची पेज द्या सर त्यांना, गाळलेलं भरून येईल."

रुपचंदभाऊंनी वेगळाच हिशोब केला. हे एसटीत कंट्रोलर होते, आकड्यांत वाकबगार. "अठ्ठेचाळीस भागिले चारशे ग्रॅम," ते भिंतीपुढं उभे राहून म्हणाले, "एकशेवीस आठवडे! म्हणजे सव्वादोन वर्षं! सर, काळजीचं काही कारणच नाही. नानांच्या हातात अजून सव्वादोन वर्षं आहेत."

"रुपचंदभाऊ, तेव्हा नानांचं वजन शून्य असेल."

रुपचंदभाऊंनी भिंतीकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तरी पण." आणि एक शक्तिवर्धक चूर्ण देऊन गेले.

सरांना जेवण जाईना. वर्गात फळ्यावर रेषा काढताना खडू थांबायचा. रात्री उठून ते बैठकीत यायचे आणि बॅटरीच्या उजेडात पट्टी लावून बघायचे, रेषा चाळीसला कधी टेकते. दर वेळी पाडव्याच्या आसपास टेकायची. आपला बाप आपल्याच अक्षरात भिंतीवर सरकत सरकत चालला आहे, आणि आपण त्याला प्रमाण लिहितो आहोत, ह्या विचारानं ते बॅटरी विझवून टाकायचे. सुनंदाबाईंनी दोनदा त्यांच्या विजारी कमरेत आवळून दिल्या, पण नानांच्या आलेखापुढं सरांच्या विजारीकडे कोण बघतो?

आणि सातव्या रविवारी चमत्कार झाला. दांडी थांबली ती सेहेचाळीस तीनशेवर.

सरांनी ठोकळा पुन्हा सरकवून बघितला. तीनशेच. दोनशे ग्रॅम वाढ! पुढच्या रविवारी सेहेचाळीस पाचशे. मग सातशे. मग नऊशे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी चौथा बिंदू वर गेला, तेव्हा सरांनी तिळगुळाबरोबर पेढेही वाटले. बैठकीत वीसेक माणसं जमली आणि सरांनी हातात पट्टी घेऊन व्याख्यान दिलं. "हा ऋण चढ. इथं रेषा वळली. आणि हा धन चढ. म्हणजे काय?" ताईबाई म्हणाल्या, "म्हणजे गोळ्या लागू पडल्या." सरांनी त्यांना मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले.

गोळ्यांना श्रेय द्यायला मात्र शेजारी तयार नव्हते. पेज आधी सुरू झाली की चूर्ण, ह्यावरून कुंदाबाई आणि रुपचंदभाऊ यांच्यात असं वाजलं की शेवटी सरांना आलेखावर बाण काढावे लागले, 'येथे पेज', 'येथे चूर्ण'. बाण काढूनही भांडण मिटलं नाही. दोघांनी आठ दिवस बोलणं टाकलं.

नाना मात्र ह्या दिग्विजयात फारसे सामील नव्हते. हल्ली ते चालताना उजवीकडे कलायचे. फळीवर चढायला भिंतीचा आधार घ्यायचे आणि चढल्यावर धापा टाकायचे. अंगात जाड बंडी, वर शाल. रुपचंदभाऊंनी कमरेचा पट्टा सुचवला. सर म्हणाले, अशक्तपणा आहे, वजन वाढतंय तसा जाईल. आलेखच तसं सांगत होता.

जानेवारीच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सर बैठकीत प्रयोगवह्या तपासत बसले होते. स्प्रिंगला वजनं टांगायची, ती किती ताणली ते मोजायचं, आलेख काढायचा. एका वहीत सहाच्या सहा बिंदू रेषेवर असे बसले होते की सुईचं टोकसुद्धा हललं नव्हतं. अशी चोरी पकडण्यात सरांचा हातखंडा होता. वर्गात ते नेहमी सांगत, खरं मोजलं की हात थोडा चुकतो, काटा थोडा हलतो, बिंदू इकडंतिकडं पडतात. घरी बसून बनवलेले आकडेच तेवढे सरळ रांगेत उभे राहतात. सरांनी लाल शाईनं लिहिलं, 'बनावट निरीक्षणे', आणि मान वर केली.

समोर भिंत होती.

उतरणारे सहा बिंदू इकडंतिकडं. चढणारे पाच बिंदू रांगेत. दर आठवड्याला दोनशे, दोनशे, दोनशे. पट्टी लावायचीही गरज नव्हती. लाल पेनाचं टोपण लावायचं सरांना सुचलं नाही, वहीवर डाग पसरत गेला.

रात्रभर त्यांनी स्वतःशी वाद घातला. योगायोग असेल. गोळीचा परिणाम ठरावीक असू शकतो. सकाळी उठून त्यांनी एका चिठ्ठीवर लिहिलं, 'सत्तेचाळीस तीनशे', आणि चिठ्ठी खिशात ठेवली. नाना भिंत धरत आले, चढले, धाप लागली. ठोकळा सरकला. दांडी थांबली. सत्तेचाळीस तीनशे.

"नाना," सर म्हणाले, "बंडी काढा."

"थंडी शे भो."

"काढा नाना."

नानांनी शाल काढली. बंडीची गुंडी काढायला त्यांना वेळ लागला. सरांनी बंडी हातात घेतली तर हात खालीच गेला. आतून दुहेरी कापडाचा मोठा खिसा शिवलेला होता. त्यातून सरांनी एकेक वजन काढून फळीवर मांडलं. दोन किलो. एक किलो. अर्धा किलो. पितळेचं दोनशे ग्रॅम, शंभर ग्रॅम. नानांचीच, मापाडी असतानाची, कडा झिजलेली. तीन किलो आठशे ग्रॅम लोखंड आणि पितळ घेऊन हा माणूस फळीवर चढत होता.

दारात सुनंदाबाई उभ्या होत्या. "खिसा मी शिवला," त्या म्हणाल्या. "तंबाखूची डबी ठेवायचीय म्हणाले. मग मोठा करून मागितला. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

सर फळीशेजारी जमिनीवरच बसले. "नाना, चाळीस वर्षांत तुम्ही कुणाला खोटं माप दिलं नाही."

"आते बी नही दिधं," नाना म्हणाले. "बारदान सांगानं राही गयं, इतलंच."

पोत्याचं माप झालं की रिकाम्या पोत्याचं वजन वजा करतात, ते बारदान. नानांनी आतल्या कोपरीच्या खिशातून जुनी मापपावत्यांची वही काढून पुढं केली. दर शनिवारी, सर शाळेत गेले की, ते एकटे काट्यावर चढत होते. पहिल्या ओळीला 'लाभ', मग दोन, तीन. प्रत्येक ओळीत तीन आकडे, एकूण, बारदान, निव्वळ. एकही खाडाखोड नव्हती. शेवटच्या ओळीत एकूण सत्तेचाळीस तीनशे, बारदान तीन आठशे, निव्वळ साडेत्रेचाळीस.

"पण का, नाना?"

"तुनं वजन उतरी राहिंतं," नाना म्हणाले. "तुले कोन काटावर चढावस? मी तुले पोतासारखं डोयाघाई तोलं. दिवाळीले चौसष्ट व्हता तू. नाताळले साठ. मनं तर उतरानंच शे, तुनं कसाले? मी बारदान टाकं, तू जेवाले लागना. आते बासष्ट शे."

सरांनी तोंड वहीत लपवलं आणि हुंदके देऊन रडले. एकोणीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, काट्याच्या फळीला टेकून, लहान पोरासारखा. नाना त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

थोड्या वेळानं नाना म्हणाले, "बठ्ठी कॉलनीले रेघ समजाडी तू. माले नही समजाडी. आते वाचीसन दखाड."

सरांनी वहीतले निव्वळ आकडे घेऊन सहा खरे बिंदू काढले. ते इकडंतिकडं पडले, पहिल्या सहा बिंदूंसारखेच, आणि जुनीच रेषा पुढं गेली, जशी काही मध्ये पेढे वाटलेच नव्हते. मग त्यांनी नानांना खुर्चीवर बसवून समजावलं. आडवे आठवडे. उभे किलो. एक घर पुढं गेलं की रेष किती खाली येते.

"मंग पाडवालोंग," नाना म्हणाले.

"तसं नाही नाना. रेषा जिथवर मोजली तिथवरच खरी. पुढंही सरळच जाईल असं कोणी सांगितलंय?"

"हा, ते बी खरं शे." नाना कागदाकडे बघत होते. "ती वरली रेघ खोडू नको. कुंदाबाईना जीव शे त्यामा."

वरली रेघ खोडली नाही. पुढच्या रविवारी नाना पुन्हा बंडी घालून फळीवर चढले, पण वजनं आता सर स्वतः खिशात ठेवत आणि उतरताना स्वतः काढून घेत. भिंतीवर कॉलनीसाठी एक बिंदू, वहीत घरासाठी एक. तिसऱ्या रविवारनंतर नानांना चढवेना. सर त्यांना उचलून घेऊन फळीवर चढत आणि मग स्वतःचं वजन वजा करत. नाना त्यांच्या खांद्यावरून म्हणत, "तुनं बारदान काढी टाक."

रेषा पुढं सरळ गेली नाही, ह्यात सरांचं बरोबर निघालं. होळीच्या आठवडाभर आधी, एका गुरुवारी सकाळी नाना गेले. पाडवा अजून तीन आठवडे लांब होता. कागदावर तीन सेंटिमीटर कोरे राहिले.

तेराव्यानंतर पारसमल शेठजी स्वतः हातगाडी घेऊन आले. काटा उचलताना त्यांनी फळीवर हात फिरवला आणि डोळे टिपले. हातगाडी कोपऱ्यावर वळली तेव्हा कुंदाबाई कुंपणाशी आल्या. चेहरा रडून सुजलेला.

"सर, एक विचारू? मला सारखं टोचतंय. पेजेनं काही अपाय तर नाही ना झाला? शेवटच्या रविवारी किती भरलं होतं?"

पितांबर सरांनी आयुष्यात कोणाचा अर्धा गुण सोडला नव्हता. त्यांच्या खिशात ती वही होती, आणि वहीत तीन आकडे होते.

"अठ्ठेचाळीस सातशे," ते म्हणाले. "शेवटपर्यंत वाढत होतं, कुंदाबाई. तुमच्या पेजेनंच."

बारदान त्यांनी सांगितलं नाही.